घरच्या कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करताना टिक-टिक येते? नवीन मशीन घेण्याआधी हे करून बघा

आमची आत्या ७४ वर्षांची, पुण्यात नारायण पेठेत राहते, चाळीसएक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवत गायली आणि तिच्याकडे अभंगांच्या अशा काही चाली आहेत ज्या कुठेही लिहिलेल्या नाहीत, तिच्या आईकडून आलेल्या. मागच्या वर्षी ठरवलं की आता या रेकॉर्ड करायच्याच. पाच वर्षं जुना लॅपटॉप, आठ जीबी रॅम, दोन चॅनलचा साधा यूएसबी इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरला देणारी डबी), एक माईक तिच्यासमोर आणि एक पेटीसमोर. दोन तास ती काय गायली! रात्री घरी येऊन हेडफोनवर ऐकलं तर दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला टिक, टिक, आणि दोन ठिकाणी तर आवाजाचा तुकडाच गायब, आलाप मधेच कापला गेलेला. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर ती म्हणाली, "अरे गाईन की परत, पण कालचा सूर आज लागेलच असं नाही ना." आणि खरंच नाही लागला.

तेव्हा एका दुकानात दाखवलं तर म्हणाले रॅम कमी आहे, १६ करा. केली. टिक-टिक तशीच. शेवटी कारण निघालं वायफायचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), म्हणजे एक बटण बंद करायचं होतं, एक रुपया खर्च नव्हता. तेव्हापासून मी हे सगळं नीट समजून घेतलं, ओळखीतल्या पाच-सहा जणांचे कॉम्प्युटर बसून सेट करून दिले, त्यातून जे खात्रीने उपयोगी पडलं ते इथे सविस्तर लिहितोय. बहुतेक सगळं विंडोजबद्दल आहे कारण घरोघरी तेच असतं, मॅकवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रेकॉर्डिंगला कॉम्प्युटर फार वेगवान लागत नाही, निवांत लागतो. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगमधे कॉम्प्युटर क्षणभर अडखळला तर काही बिघडत नाही, पुढे चालू होतं. आवाजाचं तसं नाही, ४८ हजार सॅम्पल रेटला दर सेकंदाला एका चॅनलचे ४८ हजार आकडे येतच राहतात, कोणासाठी थांबत नाहीत. पेठेत सकाळी नळाला पाणी आलं की कसं, नळाखाली भांडं लावलेलं असतं आणि ते भरायच्या आत कुणीतरी ते पिंपात ओतायचं असतं. ओतणारा माणूस कितीही ताकदवान असो, तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि तो दार उघडायला गेला की पाणी सांडलं. ते सांडलेलं पाणी म्हणजे तुमची टिक. म्हणून रॅम वाढवून फरक पडत नाही, बेल कोण वाजवतंय ते शोधायचं.

आणि भांड्याचा आकार म्हणजे बफर. तांब्या लावला तर सारखा ओतायला लागणार पण पाणी लगेच पिंपात, हंडा लावला तर निवांत, पण हंडा भरेपर्यंत पिंपात थेंब नाही. हा उशीर म्हणजे लेटन्सी. आकडे असे की ४८ हजारला ६४ चा बफर म्हणजे साधारण १.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. हे एका बाजूचं झालं, आत येताना एकदा आणि हेडफोनकडे जाताना एकदा असं दोनदा मोजा, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर झाला तर तबला सव्वा अकरा फुटांवर वाजल्यासारखा ऐकू येतो, तेवढं चालून जातं. तीस-चाळीस झाले की मात्र तबलजीचा हातच अडकतो, द्रुत लयीत तर वाजवूच शकत नाही तो. गाणाऱ्याला तर त्याच्याही आधी खटकतं, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांमधून लगेच ऐकू येत असतो आणि हेडफोनमधून तोच थोडा मागून.

आता सेटिंगला हात लावायच्या आधी नेमकं काय होतंय ते ओळखा, कारण लोक सगळ्याच त्रासांना "आवाज खराब येतोय" एवढंच म्हणतात आणि मग भलतीकडेच दुरुस्ती करत बसतात. मधूनमधून टिक किंवा फट् असा आवाज, किंवा तुकडा गायब, हे कॉम्प्युटर अडखळल्याचं लक्षण. जोरात गायलं की फाटल्यासारखा आवाज, पण हळू गाताना स्वच्छ, हे गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं प्रमाण, जास्त झाल्याचं, त्याचा कॉम्प्युटरशी संबंध नाही, इंटरफेसचं बटण कमी करा, वरची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिली म्हणजे झालं, २४ बिटमधे भरपूर जागा असते, मीटर लाल होईपर्यंत वर न्यायची काही गरज नाही. सतत घूं आवाज येतोय तर ती विजेची गुणगुण, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून ती ५० आणि १०० ला येते, त्याचं खाली सांगतो. आणि आवाज स्वच्छ आहे पण गाण्याच्या टोकाला शब्द विरल्यासारखे होतायत, तानपुरा मधेच हळू होतोय, तर विंडोजचं किंवा लॅपटॉप कंपनीचं आवाज सुधारणारं काहीतरी चालू आहे.

हे शेवटचं आधी बंद करू, कारण आपल्या संगीताला याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. नॉइज सप्रेशन नावाचा प्रकार असतो, तो ऑनलाइन मीटिंगसाठी बनवलाय, त्याचं काम असं की जो आवाज सतत एकसारखा येतोय तो पंख्याचा किंवा एसीचा समजून दाबायचा आणि माणूस बोलला की तेवढं पुढे पाठवायचं. आता तानपुरा काय असतो, सतत एकसारखा आवाजच! त्याला तो पंखाच वाटतो. पेटीचा लांब धरलेला सूरही तो खातो. म्हणून सेटिंग्जमधे सिस्टिम, मग साउंड, तिथे तुमचा इनपुट उघडा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स ऑफ करा. बऱ्याच लॅपटॉपवर कंपनीचं वेगळं आवाजाचं अ‍ॅप पण असतं, त्यातलं एआय नॉइज वगैरे जे असेल ते बंद. तिथेच जुन्या साउंड कंट्रोल पॅनलमधे कम्युनिकेशन्स नावाचा टॅब असतो, त्यात डू नथिंग निवडा, नाहीतर कॉल आल्यासारखं वाटलं की विंडोज बाकी सगळ्याचा आवाज आपोआप कमी करतं. आणि साउंड्स टॅबमधे नो साउंड्स. अभंगाच्या मधे टिंग वाजलेलं मी ऐकलंय, वाईट वाटतं.

मग ड्रायव्हर. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवर जाऊन त्याच मॉडेलचा अझिओ (ASIO) ड्रायव्हर उतरवा आणि तोच लावा, विंडोजने आपोआप लावलेल्यावर थांबू नका. अझिओ हा प्रकार स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने नव्वदच्या दशकात आणला, त्यात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरला बाजूला ठेवून थेट इंटरफेसशी बोलतं, म्हणून उशीर कमी. कंपनीचा ड्रायव्हर नसेलच तर अझिओ-फॉर-ऑल हा फुकट मिळतो, तो खरा अझिओ नाही, विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं पांघरूण आहे, पण काम भागतं. रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जाऊन अझिओ निवडा, बाकीच्या सॉफ्टवेअरमधेही ऑडिओ सेटिंगच्या पानावरच असतं. ऑडॅसिटी वापरत असाल तर होस्टमधे एमएमई असतं ते बदलून वासापी करा.

सॅम्पल रेट एकच ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा, इंटरफेसच्या पॅनलमधे, विंडोजच्या साउंडमधे, प्रोजेक्टमधे. मी ४८ हजार आणि २४ बिट ठेवतो कारण पुढे व्हिडिओला लावायचं झालं तर तिथे शक्यतो ४८ च वापरतात. ९६ किंवा १९२ हजारच्या मागे घरी लागू नका, आकडे दुप्पट-चौपट होतात, कॉम्प्युटरवर ताण येतो, आणि आपल्या खोलीतला पंखा, रिक्षा नि शेजारच्यांचा मिक्सर तसाच राहतो. रेट वेगवेगळे राहिले तर काय होतं याचं उदाहरण बघा, ४८ ला रेकॉर्ड केलेली फाइल सॉफ्टवेअरने ४४.१ ची समजून वाजवली तर ती आठ टक्के सावकाश वाजते आणि जवळजवळ दीड अर्धस्वर खाली उतरते, म्हणजे काळी चारमधे गायलेलं गाणं पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधेच कुठेतरी लटकतं, वर पेटी लावायला गेलात तर कुठल्याच पट्टीशी जुळत नाही. माझ्या एका मित्राने यावरून पेटी ट्यून करायला दिली होती! पेटीचा काही दोष नव्हता.

आता बफरचं. दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीला एकच बफर ठेवायचा हट्ट करू नका. रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६, आणि नंतर मिक्सिंग करताना, म्हणजे रिव्हर्ब (घुमारा), ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणं) वगैरे चढवताना ५१२ किंवा सरळ १०२४, कारण तेव्हा कुणी गात नाहीये, उशीर झाला तर कुणाला कळणार. आणि तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असेल तर फारच छान, त्यात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधे न जाताच इंटरफेसमधून परत ऐकू येतो, मग रेकॉर्डिंगलाही ५१२ ठेवा आणि निर्धास्त राहा. फक्त त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर आवाज दोनदा येईल. आत्याच्या रेकॉर्डिंगला मी आता हेच करतो, तिला तर हेडफोनच नको असतो, मग प्रश्नच मिटला. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोच, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, वायरचा साधा हेडफोन घ्या.

पॉवरची सेटिंग ही दुसरी मोठी गोष्ट. कॉम्प्युटर वीज वाचवण्यासाठी सारखा डुलक्या काढत असतो, प्रोसेसर हळू करतो, यूएसबी पोर्टला झोपवतो, आणि परत जागं व्हायला जो क्षण लागतो त्यात आपलं भांडं सांडतं. कंट्रोल पॅनलमधे पॉवर ऑप्शन्स, तिथे हाय परफॉर्मन्स असेल तर तो निवडा. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा तो दिसतच नाही, फक्त बॅलन्स्ड असतं, तर मग सेटिंग्जमधे पॉवर मोड हा बेस्ट परफॉर्मन्सवर आणा. मग त्याच प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधे यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा, स्लीप नेव्हर, हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ नेव्हर. नंतर डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन यूएसबी रूट हब जितके दिसतील त्या प्रत्येकाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी बरोबरची खूण काढून टाका. कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचं आहे.

यात एक अडचण येते ती कुणी सांगत नाही. प्रोसेसर पूर्ण जोरात ठेवला की लॅपटॉप तापतो, पंखा ओरडायला लागतो, आणि तो पंखा माईकमधे येतो, पुण्यात एप्रिल-मे मधे तर विचारू नका. त्यावर उपाय असा की त्याच अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आहे तिथे मॅक्सिमम १०० च्या ऐवजी ९९ टक्के करा. एक टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण बहुतेक मशीनवर याने टर्बो बूस्ट बंद होतो, म्हणजे प्रोसेसर आपल्या नेहमीच्या वेगावर राहतो, वर उड्या मारत नाही, तापत नाही आणि पंखा शांत. दोन-चार ट्रॅक रेकॉर्ड करायला एवढा वेग भरपूर आहे. मिक्सिंगला बसाल तेव्हा परत १०० करा. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका, खालची हवा बंद होते, पाटावर ठेवा. बैठकीला माईकपासून जेवढा लांब जाईल तेवढा.

आता बेल वाजवणारे. यासाठी लेटन्सीमॉन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट, ते लावा, सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, त्या वेळी जसं रेकॉर्डिंगला असतं तसंच सगळं चालू असू द्या. ते सांगतं की कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडकवून ठेवतोय. आकडा मायक्रोसेकंदात येतो, हजार म्हणजे एक मिलिसेकंद. आता जुळवून बघा, १२८ च्या बफरला आपल्याकडे एकूण २.७ मिलिसेकंद आहेत, त्यातले दोन जर वायफायने खाल्ले तर उरलेल्या पाऊणात सगळं उरकायचंय, कसं होणार. दोन-चारशेच्या आत असेल तर छान, हजारच्या वर जायला लागलं की त्रास होणारच. ड्रायव्हर्सच्या टॅबमधे सगळ्यात मोठा आकडा कुणाचा ते बघा. नावात एनडीआयएस असेल तर नेटवर्क, म्हणजे वायफाय किंवा लॅन (वायरचं नेटवर्क). एनव्हीएलडी वगैरेने सुरू होत असेल तर एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड. एसीपीआय असेल तर बॅटरी आणि पॉवरचं काहीतरी. स्टोरपोर्ट असेल तर डिस्क. माझ्याकडे एनडीआयएस होता, वायफाय बंद केलं आणि तोच आकडा एकदम खाली आला, तेव्हा मला खुर्चीत बसून रडू आलं असतं, कारण आत्याचे ते दोन तास या एका गोष्टीसाठी गेले होते.

म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एअरप्लेन मोड लावा. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही जातात आणि मेसेजची टिंगटिंगही थांबते. तरीही आकडा लाल येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून एकेक गोष्ट डिसेबल करून बघा, लॅन, वेबकॅम, ग्राफिक कार्डचा एचडीएमआय ऑडिओ, यातलं काहीच रेकॉर्डिंगला लागत नाही आणि परत एनेबल करता येतं. डिस्प्ले आणि डिस्क यांना मात्र हात लावू नका. आणि एका वेळी एकच बदल! हे मी कळकळीने सांगतोय. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि टिक गेली तर कशाने गेली ते कळत नाही, वाढली तर परत कसं यायचं तेही कळत नाही. एक वही घ्या, तारीख, काय बदललं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. सुरू करण्याआधी विंडोजचा रिस्टोर पॉइंट पण करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर आधीच्या सेटिंगवर परत येता येतं.

मागे चालणारी बाकीची मंडळी म्हणजे स्टार्टअपमधली अ‍ॅप्स, टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपमधे जा आणि जे ओळखीचं पण रोज न लागणारं आहे ते डिसेबल करा, मीटिंगची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरवाल्यांचे मदतनीस. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक रेकॉर्डिंगपुरतं पॉज करा, कारण तुमची फाइल मोठी होत चाललीय आणि ते दर मिनिटाला तिला वर चढवायला धडपडतंय असं होतं. प्रोजेक्टचा फोल्डर मुळात वनड्राइव्हच्या आत ठेवूच नका, विंडोज हल्ली डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप परस्पर त्यात नेऊन ठेवतं, ते तपासा. सरळ डी ड्राइव्हवर रेकॉर्डिंग नावाचा फोल्डर करा आणि तोच फोल्डर विंडोज सिक्युरिटीमधे एक्स्क्लूजनमधे टाका म्हणजे अँटिव्हायरस त्यात सारखं डोकावणार नाही. अख्खा अँटिव्हायरस बंद करायचा सल्ला अजून लोक देतात, त्याची गरज नाही. विंडोज अपडेट आठवडाभर पॉज करा, रेकॉर्डिंग झालं की परत चालू करून सगळे अपडेट घेऊन टाका, ते कायमचे बंद ठेवू नका.

प्रोसेसर शेड्युलिंगमधे बॅकग्राउंड सर्व्हिसेस निवडा, व्हिज्युअल इफेक्ट्स बंद करा, असे जुने सल्ले अजून फिरत असतात. एक्सपीच्या काळात त्याला अर्थ होता. आता करून बघायचं तर बघा, माझ्याकडे मोजून फरक आला नाही म्हणून मी तसंच सोडलं. रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर तर अजिबात लावू नका.

यूएसबीबद्दल थोडं. डेस्कटॉप असेल तर इंटरफेस मागच्या पोर्टला लावा, तो थेट मदरबोर्डवर असतो, पुढचे पोर्ट आतून बारीक वायरने आलेले असतात. हब नको. बाहेरची हार्ड डिस्क आणि इंटरफेस शेजारी शेजारी नको, एक डावीकडे एक उजवीकडे. केबल जेवढी लागते तेवढीच, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलात तर मीटर-दीड मीटरची चांगली जाड केबल मिळते, ती हलवून बघून घ्या, ढिली बसत असेल तर नको, अर्ध्या वेळा "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम" हा केबलचाच निघतो.

डिस्कची काळजी लोक उगीच जास्त करतात. ४८ हजार, २४ बिट, एक मोनो ट्रॅक म्हणजे मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी. चार माईक लावून तासभर गायलं तरी दोन जीबीच्या आसपास. जुनी फिरणारी हार्ड डिस्क सुद्धा हे आरामात लिहिते, फक्त ती गच्च भरलेली नको, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. एसएसडी असेल तर सगळं पटकन उघडतं आणि डिस्कचा घरघर आवाज माईकमधे येत नाही, हा मला तिचा मोठा फायदा वाटतो. रेकॉर्डिंग झालं की मात्र त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी. त्याच रात्री.

आता वीज. जुन्या वाड्यातल्या, जुन्या सोसायट्यांमधल्या वायरिंगला बऱ्याचदा अर्थिंग नीट नसतं, मग लॅपटॉपच्या चार्जरमधून घूं आवाज यूएसबीवाटे इंटरफेसमधे येतो. चार्जर काढून बघा, आवाज गेला तर कारण सापडलं. मग बॅटरीवर रेकॉर्ड करा. पण इथेच लोक फसतात, चार्जर काढला की विंडोज पॉवर सेव्हिंगवर जातं आणि घूं जाऊन टिक-टिक सुरू होते! म्हणून वर सांगितलेल्या पॉवरच्या सगळ्या सेटिंग्ज ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन या दोन्ही रकान्यांमधे करा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. नाहीतर इंटरफेस, स्पीकर, लॅपटॉप सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, वेगवेगळ्या सॉकेटमधून घेतलं की अर्थिंगचा लूप होतो आणि त्यातून घूं येतं. अर्थिंगची जाड पिन काढून आवाज घालवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, माईकची धातूची जाळी ओठाला लागलेली असते, जिवाशी खेळ आहे तो. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या.

आणि आपल्याकडे गुरुवारी बऱ्याच भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते, तर गुरुवारी डेस्कटॉपवर बैठक ठेवू नका, किंवा यूपीएस लावा. गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव असतो, त्याचा खालचा आवाज कुठलंही सेटिंग अडवू शकत नाही, नारायण, शनिवार पेठेत, डेक्कनच्या बाजूला तर अजिबात. त्या दिवसांत आम्ही सकाळी साडेसहाला बसतो. आत्याचा आवाजही तेव्हा जास्त चांगला लागतो, भैरव, तोडीच्या अंगाच्या चाली तर तेव्हाच गाव्यात.

मॅकवाल्यांना यातलं बरंचसं करावं लागत नाही, तिथे कोअर ऑडिओ आधीपासून असतं, वेगळा अझिओ नको. लो पॉवर मोड बंद, टाइम मशीनचा बॅकअप तेवढ्यापुरता थांबवा, रेकॉर्डिंगची डिस्क स्पॉटलाइटच्या शोधातून वगळा, बफर वरच्याप्रमाणेच. नवीन मॅकओएस आलं की लगेच चढवू नका, इंटरफेसच्या कंपनीने चालतं म्हणून जाहीर करेपर्यंत थांबा. लिनक्सवाल्यांना सांगायची गरज नसते, पण नव्याने बघायचं असेल तर उबंटू स्टुडिओमधे आवाजासाठीची बरीच सेटिंग्ज आधीच केलेली असतात, जुन्या मशीनला छान चालतं.

सगळं झालं की खरी परीक्षा घ्या. माणसाला बोलावून नाही, आधी एकट्याने. मोबाईलवर तानपुरा लावा, माईकसमोर ठेवा आणि वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करा. तानपुराच का, तर तो सलग असतो, त्यात बारीकशी टिकसुद्धा लपत नाही, तबल्यात ती बोलांमधे दडून जाते. मग हेडफोन लावून पूर्ण ऐका. पूर्ण म्हणजे वीसची वीस मिनिटं, इकडेतिकडे उड्या मारून नाही. बफर १२८ ला एकही टिक नाही आली तर २५६ वर आणून ठेवा, कारण प्रत्यक्षात थोडी मोकळीक हवी. १२८ ला आली आणि २५६ ला नाही तर ५१२ आणि डायरेक्ट मॉनिटर. ५१२ ला पण आली तर परत लेटन्सीमॉन, परत वही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी काय करतो ते सांगतो. तासभर आधी मशीन रिस्टार्ट करतो, शटडाउन करून चालू नाही, रिस्टार्टच, कारण विंडोजमधे फास्ट स्टार्टअप असतं आणि शटडाउनला ते सगळं पूर्ण पुसत नाही. पाच-दहा मिनिटं नुसतं चालू ठेवतो म्हणजे सुरुवातीची त्याची कामं उरकतात. इंटरफेस लावतो, एअरप्लेन मोड, मग सॉफ्टवेअर, फक्त तेवढंच एक. ब्राउझर नाही. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकतो. मग आत्याला म्हणतो, "बस आता, पट्टी धर." आणि तिने पेटीवर बोट ठेवायच्या आधीच रेकॉर्डचं बटण दाबून ठेवतो, कारण ती सूर जुळवता जुळवता जे गुणगुणते ना, त्यात एकदा अशी चाल आली की तिला स्वतःलाही ती पाठ असल्याचं आठवत नव्हतं. ती फाइल माझ्याकडे आहे, सहा मिनिटांची, एक टिक नाही त्यात.